ब्लॉग मराठी, अवजारं इंग्रजी : वाचकांच्या शंका आणि उत्तरं

या वेळच्या टपालात ब्लॉग लिहिणाऱ्यांची आणि इंटरनेटवरून माल किंवा सेवा विकणाऱ्यांची पत्रं सर्वांत जास्त आहेत. बहुतेकांची गाडी एकाच वळणावर अडते. अवजारं चांगली आहेत, त्यातली पुष्कळशी फुकटही आहेत, पण ती वापरायची माहिती इंग्रजी मजकूर गृहीत धरून लिहिलेली असते. देवनागरी आली की तीच अवजारं वेगळी वागतात. म्हणून उत्तरं देताना त्या जागांवर जास्त भर दिला आहे.

प्रश्न : वर्डप्रेसवर माझा पाककृतींचा ब्लॉग आहे. लेखाची लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की टक्क्याच्या खुणा आणि आकड्यांची चार-पाच ओळींची माळ उमटते. कधी ती मध्येच तुटते. दोन वेगळ्या लेखांचे पत्तेही जवळजवळ सारखे निघतात. असं का होतं? (कोल्हापूर)

पत्त्याच्या शेवटच्या भागाला स्लग म्हणतात आणि वर्डप्रेस तो शीर्षकावरून आपोआप बनवतं. शीर्षक देवनागरीत असेल तर प्रत्येक खुणेचे तीन बाइट होतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याची खूण व पुढे दोन चिन्हं असा लिहिला जातो. म्हणजे एका खुणेला नऊ चिन्हं लागतात. इथे काना, वेलांटी, पाय मोडल्याचं चिन्ह हे सगळं सुटंसुटं मोजायचं. वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये स्लगला जागा असते २०० चिन्हांची, त्यामुळे साधारण २२ खुणांनंतर शीर्षक सरळ कापलं जातं.

'दिवाळीच्या फराळाची तयारी' मोजून पाहा. पहिल्या शब्दात १० खुणा, दुसऱ्यात ७, तिसऱ्यात ५. बावीस नव्वे १९८, आणि शब्दांमधल्या दोन मोकळ्या जागांची दोन चिन्हं. बरोबर २०० भरले. आता तुम्ही 'दिवाळीच्या फराळाची तयारी : चकली' आणि 'दिवाळीच्या फराळाची तयारी : शंकरपाळे' असे दोन लेख लिहिलेत, तर चकली आणि शंकरपाळे पत्त्यात पोचतच नाहीत. दोन्ही पत्ते 'तयारी'पाशी संपतात आणि ते वेगळे राहावेत म्हणून वर्डप्रेस दुसऱ्याच्या शेवटी २ हा आकडा जोडतं. सारख्या दिसणाऱ्या पत्त्यांचं कारण हे.

उपाय सोपा आहे. लेख प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या रकान्यात स्लग स्वतः रोमन लिपीत लिहा. तीन ते पाच शब्द, सगळी लहान अक्षरं, शब्दांमध्ये आडवी रेघ. त्यात साल घालू नका, पुढच्या वर्षी लेख सुधारलात तरी पत्ता जुनाच दिसत राहतो. रोमन स्पेलिंगची एक पद्धत ठरवा आणि ती मोडू नका. गुगलला देवनागरी पत्ता चालतो, त्याने शोधात नुकसान होत नाही. अडचण आहे ती लिंक एकमेकांना पाठवणाऱ्या माणसांची.

प्रकाशित झालेल्या लेखाचा स्लग बदलला तर वर्डप्रेस जुना लक्षात ठेवून वाचकाला नव्यावर नेतं. मात्र ही सोय 'पोस्ट'ला आहे, 'पेज'ला नाही. पेजचा पत्ता बदलायचा असेल तर 'रीडायरेक्शन' हे मोफत प्लगइन बसवून ३०१ प्रकारचं, म्हणजे कायमचं, वळण स्वतः नोंदवा. सगळे जुने लेख एका दमात बदलू नका. जे खरोखर पाठवले जातात तेवढेच घ्या.

ब्लॉगर वापरणाऱ्यांना वेगळाच अनुभव येतो. मराठी शीर्षकातून त्याला काहीच घेता येत नाही, म्हणून तो पत्त्यात 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडा लावून मोकळा होतो. तिथे 'परमालिंक'खाली 'कस्टम' निवडून पत्ता लिहा, आणि तोही प्रकाशित करण्याआधी.

प्रश्न : मालवणजवळ आमचं होमस्टे आहे. त्याची माहिती आम्ही मराठीत लिहितो. लोक कोणते शब्द टाकून शोधतात ते कसं कळेल? कीवर्ड प्लॅनरमध्ये मराठी शब्द टाकले तर बहुतेकांपुढे आकडाच येत नाही. (मालवण)

गुगलचं कीवर्ड प्लॅनर मुळात जाहिरातदारांसाठी आहे. ते वापरायला गुगल ॲड्सचं खातं लागतं, आणि जाहिरातीवर खर्च नसेल तर नेमक्या आकड्याऐवजी १० ते १००, १०० ते १,००० असे ढोबळ टप्पे दिसतात. त्यात मराठी शोध पाच-सहा प्रकारे विखुरलेले असतात. एकजण 'मालवण होमस्टे' टाकतो, दुसरा 'होम स्टे' तोडून, तिसरा 'मालवणमध्ये राहण्याची सोय', आणि पुष्कळजण हेच मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहितात. प्रत्येक तुकडा एवढा लहान उरतो की प्लॅनर त्याची दखल घेत नाही. आकडा नाही म्हणजे गिऱ्हाईक नाही, असा अर्थ काढू नका.

सुरुवात गुगलच्या शोधपेटीपासून करा. मोबाइलवर गुप्त खिडकी (इन्कॉग्निटो) उघडा, 'मालवण' लिहून एक जागा सोडा आणि खाली येणाऱ्या सूचना टिपा. मग त्यापुढे एकेक अक्षर टाकत जा. हेच रोमन अक्षरांत पुन्हा करा. यूट्यूबच्या पेटीतही करा, कारण सहलीची ठिकाणं लोक तिथे हमखास शोधतात.

दुसरं अवजार गुगल ट्रेंड्स. देश भारत, मग महाराष्ट्र निवडा आणि मुदत पाच वर्षांची ठेवा. एका वेळी पाच शब्दांची तुलना करता येते. त्यातले ० ते १०० हे आकडे शोधांची संख्या नसतात. निवडलेल्या मुदतीतला सर्वांत वरचा बिंदू १०० धरून बाकी सगळं त्याच्या प्रमाणात दाखवलेलं असतं. म्हणून किती लोक शोधतात हे ट्रेंड्स सांगत नाही, पण कधी शोधतात ते नेमकं सांगतं. मे महिन्याच्या सुट्टीची चौकशी कोणत्या आठवड्यात वाढू लागते ते त्या रेषेवर पाहा आणि लेख त्याच्या दीड-दोन महिने आधी तयार ठेवा.

तिसरं, आणि आमच्या मते सर्वांत मोलाचं, सर्च कन्सोल. तुमची वेबसाइट कोणत्या शब्दांवर दिसली आणि किती जणांनी टिचकी मारली ते तिथे १६ महिन्यांपर्यंत मागे जाऊन पाहता येतं. 'परफॉर्मन्स'मध्ये जा, 'क्वेरी'चा फिल्टर लावा, 'कस्टम रेजेक्स' (अक्षरांचा नमुना देऊन शोधण्याची सोय) निवडा आणि पेटीत [अ-ह] एवढंच टाका. चौकटी कंसासकट. देवनागरीत केलेले शोध तेवढे उरतील. त्याच जागी 'जुळत नाही' हा पर्याय घेतला की रोमन लिपीतले शोध दिसतील. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की शीर्षकात कोणता शब्द घ्यायचा आणि कोणता मजकुरात एकदा आणायचा ते ठरवता येतं. यादीची बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळणार नाही, कारण अगदी थोड्या लोकांनी केलेले शोध गुगल खासगीपणासाठी झाकून ठेवतं.

होमस्टेसाठी याहून आधी करायची गोष्ट म्हणजे गुगल बिझनेस प्रोफाइल. 'जवळपास राहण्याची सोय' असं शोधणाऱ्याला आधी नकाशा दिसतो, लेख नंतर. प्रोफाइलवर मराठी आणि इंग्रजी दोन्ही वर्णनं, खोल्यांचे अलीकडचे फोटो आणि पावसाळ्यात बंद असल्यास तशी नोंद, एवढं नीट भरा.

प्रश्न : माझ्या ब्लॉगरवरच्या ब्लॉगचे चाळीसएक लेख सर्च कन्सोलमध्ये 'क्रॉल केलं, सध्या इंडेक्स नाही' या यादीत अडकले आहेत. रोज 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' दाबतो. काही फरक नाही. (पिंपरी)

बटण रोज दाबून रांग पुढे सरकत नाही. गुगलच्या यंत्राने पान पाहिलंय आणि तूर्त यादीत घ्यायचं नाही असं ठरवलंय, असा या शेऱ्याचा अर्थ. 'शोधलं, सध्या इंडेक्स नाही' असा दुसरा शेरा असतो, त्यात यंत्र पानापर्यंत पोचलेलंच नसतं. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

तुमच्या यादीतल्या दहा पानांची नावं वाचा. ब्लॉगरच्या बाबतीत त्यात अनेकदा पाच-सात ओळींचे सुविचार, दुसरीकडून घेतलेल्या शुभेच्छा, एकाच विषयाचे तीन तुकडे निघतात. तुकडे जोडून एक भरीव लेख करा. उसना मजकूर काढून टाका. जो लेख खरोखर तुमचा आणि पुरता आहे, त्याला तुमच्याच लोकप्रिय लेखांतून दोन-तीन ठिकाणी दुवा द्या. नुसतं 'इथे वाचा' असं नको, लेखाचा विषय सांगणारे शब्द दुव्यात हवेत. एवढं झालं की त्या लेखासाठी एकदा विनंती करा आणि काही आठवडे थांबा.

आणखी दोन नोंदी पाहून घाबरायचं कारण नाही. लेबलांची पानं 'रोबॉट्स फाइलने अडवलेली' दिसतील, ते ब्लॉगर मुद्दाम करतो. मोबाइलच्या पत्त्याच्या शेवटी 'm=1' लागतं, ती पानं पर्यायी किंवा वळवलेली म्हणून वेगळी काढली जातात. तेही योग्यच आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. वीस वर्षांचं लेखन श्रीलिपीत पेजमेकरवर आणि वर्डमध्ये पडून आहे. ब्लॉगवर डकवलं की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. सगळं पुन्हा टाइप करावं लागेल का? (अहिल्यानगर)

नाही. पण रूपांतर करून लगेच प्रकाशित करता येईल, असंही नाही.

जुन्या फाँटमध्ये मजकूर आतून इंग्रजी चिन्हांचाच साठवलेला असतो. फाँट त्या चिन्हांच्या जागी मराठी आकार दाखवतो. ब्लॉगवर तो फाँट नसतो, म्हणून मूळ चिन्हं उघडी पडतात. तेव्हा आधी फाँटचं नेमकं नाव शोधा. श्रीलिपीत अनेक फाँट आणि एकाहून अधिक मांडण्या आहेत. 'श्री-देव-०७१४' आणि त्याआधीचे फाँट यांना एकच परिवर्तक चालेलच असं नाही. वर्डमध्ये मजकूर निवडला की वरच्या पट्टीत नाव दिसतं. पेजमेकरमधून मजकूर आरटीएफ स्वरूपात बाहेर काढा. मग त्या फाँटमधून युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, नेणारा परिवर्तक घेऊन फक्त एक पान बदला आणि मुळाशी ताडून पाहा.

चुका ठरलेल्या जागी होतात. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. परिवर्तकाला ती पूर्ण जोडाक्षर ओलांडून न्यावी लागते, आणि 'स्थिती', 'व्यक्तिमत्त्व' अशा शब्दांत तिथेच घसरतं. रफाराचं नेमकं उलट: पूर्वी तो अक्षरानंतर यायचा, आता आधी यावा लागतो. म्हणून 'वर्षाच्या', 'धर्मादाय' असे शब्द मुद्दाम तपासा. ॲ, ऑ, अवतरणचिन्हं आणि आकडे हेही पाहा. एका पानावर सापडलेल्या चुकांची शोधा-आणि-बदला यादी करून ठेवली तर पुढची शंभर पानं झपाट्याने होतात, कारण त्याच चुका पुन्हा पुन्हा येतात.

एक चूक डोळ्यांना दिसत नाही. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एकात नुक्ता असलेला ऱ आणि पाय मोडल्याचं चिन्ह असतं, दुसऱ्यात साधा र, पाय मोडल्याचं चिन्ह आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे. पण पानावर 'दुसऱ्या' शोधलं तर यातला एक सापडतो आणि दुसरा निसटतो. संपूर्ण लेखनात पहिली रीत ठेवा आणि दुसरी शोधून बदलून टाका.

फाइल नसेल, नुसता कागद असेल तर ३०० डीपीआयला, राखाडी छटेत स्कॅन करा. चित्र गुगल ड्राइव्हवर चढवून 'गुगल डॉक्सने उघडा' निवडलं की खाली मजकूर येतो. फाइल २ एमबीच्या आत ठेवा आणि दोन रकान्यांचं पान आधी उभं कापून दोन चित्रं करा, नाहीतर ओळी एकमेकींत मिसळतात. पुष्कळ पानं असतील तर टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्रॅम त्याच्या मराठी संचासह संगणकावरच चालवता येतो. मूळ फाइली मात्र पुसू नका. दहा वर्षांनी अधिक चांगला परिवर्तक मिळाला तर त्याच लागतील.

प्रश्न : ब्लॉग मोबाइलवर उघडायला वेळ लागतो आणि अक्षरंही हिंदी वळणाची दिसतात. काय बदलू? (नांदेड)

आधी वेग. गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये मुखपृष्ठाऐवजी एखाद्या लेखाचा पत्ता टाका आणि मोबाइलचा निकाल वाचा. तीन आकडे महत्त्वाचे: पानावरचा सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांत दिसावा, टिचकीला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा, आणि पान भरताना मजकूर उड्या मारण्याचं माप ०.१च्या आत असावं. वरच्या बाजूला खऱ्या वाचकांची २८ दिवसांची आकडेवारी असते, पण वाचक कमी असतील तर ती येतच नाही. खाली दिसते ती चाचणी.

बहुतेक ब्लॉगांवर दोष फोटोंचा असतो. फोनमधून थेट आलेला फोटो चार हजार पिक्सेल रुंद आणि चार-पाच एमबीचा असतो. स्क्वूश या गुगलच्या मोफत अवजारात तो उघडा, रुंदी १,२०० पिक्सेल करा, वेबपी हा हलका प्रकार निवडून दर्जा ७५ ठेवा. सगळं काम ब्राउझरमध्येच होतं, फोटो कुठे पाठवला जात नाही. लेखातला पहिला फोटो 'लेझी लोड'मधून (वाचक जवळ आल्यावरच फोटो आणण्याच्या सोयीतून) वगळा, नाहीतर तोच उशिरा येतो आणि पहिला आकडा बिघडतो.

आता अक्षरं. पानाची भाषा हिंदी किंवा इंग्रजी नोंदवलेली असेल तर फाँट पाकळीचा ल आणि देठाचा श दाखवत नाही. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हींच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी करा. तरी फरक पडला नाही तर त्या फाँटमध्ये मराठी रूपं नाहीत असं समजा. गुगल फाँट्सवरचा 'तिरो देवनागरी मराठी' हा मराठी वळणासाठीच केलेला आहे आणि लांब लेखाला छान दिसतो. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' मोबाइलवर स्वच्छ वाचता येतो. 'मुक्ता'च्या जाडीच्या दोनच प्रती घ्या, साधी आणि ठळक, कारण देवनागरी फाँटच्या फाइली मोठ्या असतात. ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.६ ते १.८ पट ठेवा, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडणार नाही. अक्षरांमधलं अंतर मात्र शून्यच हवं. इंग्रजी थीममध्ये शीर्षकांना ते वाढवलेलं असतं आणि आपली शिरोरेखा जागोजागी तुटते.

प्रश्न : आमच्या वाचनालयाचं मासिक बातमीपत्र आम्ही एका ईमेल सेवेतून सभासदांना पाठवतो. पाठवणाऱ्याचा पत्ता आमचा नेहमीचा जीमेलचा आहे. गेली दोन वर्षं निम्म्या लोकांना ते स्पॅममध्ये सापडतं. (ठाणे)

कारण पत्रातच आहे. पत्ता जीमेलचा आणि पाठवणारा सर्व्हर दुसऱ्याचा, हे जुळत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांचे नियम कडक केले. दुसऱ्या सर्व्हरवरून जीमेलचा पत्ता लावून आलेली पत्रं तेव्हापासून संशयित धरली जातात. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रं पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या (पत्र खरंच त्याच नावावरून आलंय हे पडताळणाऱ्या) तिन्ही नोंदी आणि एका टिचकीत नाव काढण्याची सोय सक्तीची आहे. तुम्ही त्या संख्येत नसलात तरी तिन्ही करून घ्या.

संस्थेच्या नावाचं डोमेन (इंटरनेटवरचं स्वतःचं नाव) घ्या आणि त्यावर एक पत्ता उघडा. मेलचिंप, ब्रेव्हो, मेलरलाइट यांपैकी जी सेवा असेल तिच्या 'डोमेन ऑथेंटिकेशन' पानावर दोन-तीन नोंदी मिळतील. त्या डोमेन घेतलं तिथल्या डीएनएस पानावर (डोमेनच्या नोंदी ठेवतात त्या पानावर) जशाच्या तशा डकवा. इथे घोळ होतो तो एसपीएफचा: एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. आधीची असताना दुसरी घातली तर दोन्ही निकामी ठरतात, म्हणून नवा भाग जुन्याच ओळीत जोडायचा. डीमार्कची सुरुवात 'काहीही करू नका' या सौम्य धोरणाने करा आणि सगळं सुरळीत दिसल्यावर कडक करा. तपासणी सोपी आहे. स्वतःच्या जीमेलवर बातमीपत्र पाठवा, संगणकावर उघडा, तीन ठिपक्यांतून 'शो ओरिजिनल' निवडा. तिन्ही नावांपुढे 'पास' दिसलं पाहिजे.

मराठी बातमीपत्राला आणखी एक अडथळा आहे. साधारण १०२ केबीनंतर जीमेल पत्र कापतं आणि 'पूर्ण संदेश पाहा' असा दुवा देतं. देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेत असल्याने आपण ती मर्यादा इंग्रजीपेक्षा फार लवकर गाठतो. कापलेल्या भागात तळचा 'नाव काढा' हा दुवा असतो. तो सापडला नाही की कंटाळलेला सभासद 'स्पॅम'चं बटण दाबतो. जीमेलच्या नियमात अशा तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली राहावं लागतं. तीनशे सभासदांत एकाने बटण दाबलं तरी तुम्ही ती रेषा ओलांडता. पूर्ण लेख पत्रात घालू नका. प्रत्येकाचे पहिले दोन परिच्छेद आणि पुढे ब्लॉगचा दुवा द्या.

सभासदांना एसएमएस पाठवावेत का, असंही तुम्ही विचारलंय. मराठी एसएमएसमध्ये १६० नव्हे, ७० खुणा मावतात, आणि संदेश लांबला तर प्रत्येक तुकड्यात ६७. 'स्त्री' हा एक शब्द सहा खुणा खातो. शिवाय असे घाऊक संदेश पाठवायला ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे दूरसंचार कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर संस्थेची, पाठवणाऱ्या नावाची आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी लागते. तेवढ्या खटाटोपापेक्षा ईमेल नीट करणं बरं.

प्रश्न : आमचे काजू आणि कोकम मुख्यतः व्हॉट्सॲपवरून विकले जातात, पण गुगल ॲनालिटिक्समध्ये सगळे वाचक 'डायरेक्ट' दिसतात. कोणत्या गटातून कोण आलं ते कळत नाही. (फोंडा, गोवा)

व्हॉट्सॲपमधून मारलेली टिचकी बहुतेक वेळा कुठून आली हे सांगतच नाही. ते आपल्याला पत्त्याला चिकटवून पाठवावं लागतं. गुगलच्या कॅम्पेन यूआरएल बिल्डरमध्ये पत्ता टाका आणि तीन रकाने भरा: सोर्समध्ये व्हॉट्सॲप, मीडियममध्ये सोशल, कॅम्पेनमध्ये त्या वेळच्या विक्रीचं नाव, जसं गणेशोत्सव. गट वेगळे ओळखायचे असतील तर 'कंटेंट' हा चौथा रकाना वापरा. सगळं रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत. मोठं अक्षर आलं की ॲनालिटिक्स तो वेगळा सोर्स धरतं आणि अहवालात एकाच व्हॉट्सॲपच्या तीन ओळी होतात. नावांची यादी एका शीटमध्ये ठेवा आणि जाहिरात करणाऱ्या प्रत्येकाला तीच वापरायला लावा.

हे शेपूट फक्त बाहेर पाठवायच्या दुव्यांना लावायचं. वेबसाइटच्या आतल्या बटणांना लावलं तर गिऱ्हाईक मुळात कुठून आलं ती नोंद बिघडते. आजच आणखी एक करा: ॲनालिटिक्सच्या ॲडमिनमध्ये 'डेटा रिटेन्शन' मूळचं २ महिने असतं, ते १४ करा. नाहीतर सविस्तर तपासणीत मागच्या चतुर्थीच्या विक्रीशी यंदाची तुलना करता येणार नाही. ही सेटिंग मागच्या पुसलेल्या माहितीला परत आणत नाही.

प्रश्न : ब्लॉगवर गुगलच्या जाहिराती लावणाऱ्या ॲडसेन्सचा पिन येतच नाही. पैसे बुडतील का? (वाशीम)

लगेच नाही. खात्यात १० डॉलर झाले की गुगल पत्ता पडताळणीचा पिन टपालाने पाठवतं, आणि तो यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिला पिन निघाल्यापासून चार महिन्यांत तो भरला नाही तर जाहिराती थांबतात. पत्त्यात घराची खूण, पोस्टाचं गाव, तालुका आणि पिनकोड इंग्रजीत स्पष्ट आहे का पाहा, गावच्या पोस्टमनला सांगून ठेवा आणि मग दुसरा पिन मागवा. प्रत्यक्ष पैसे १०० डॉलर पुरे झाल्यावर, पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान निघतात. बँक खात्यावरचं नाव आणि ॲडसेन्सवरचं नाव एकच असू द्या आणि शाखेकडून स्विफ्ट कोड मागून घ्या.

प्रश्न : एका कंपनीने मिक्सर फुकट दिला आणि परीक्षण लिहायला सांगितलं. ते वाचकांना सांगणं आवश्यक आहे का? (नागपूर)

हो, आणि लेखाच्या सुरुवातीलाच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये यासाठी मार्गदर्शिका काढली. पैसे, फुकट वस्तू, सवलत, कमिशन यांपैकी काहीही मिळालं असेल तर ते लेखाच्या भाषेतच, सहज दिसेल असं लिहायचं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. 'हा मिक्सर कंपनीने विनामूल्य दिला आहे' एवढं साधं वाक्य पुरतं. लेखाच्या तळाशी किंवा वेगळ्या पानावर टाकलेली सूचना पुरत नाही. कंपनीच्या दुव्याला त्याच्या कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' हे लेबल लावा. गुगलने ते २०१९ पासून यासाठीच ठेवलं आहे.

प्रश्न : ब्लॉगला '.भारत' असं मराठी डोमेन घ्यावं का? (वडोदरा)

घ्या, पण दुसरं म्हणून. देवनागरी '.भारत' २०१४ पासून मिळतं आणि मराठी त्यात आहे. ब्राउझरमध्ये ते चालतं. मात्र डकवताना अनेक ठिकाणी त्याचं यंत्राला कळणारं रोमन रूप उमटतं, वाचकाला ते फसवणुकीचं वाटतं, आणि त्यावरचा ईमेल पत्ता बरेच फॉर्म स्वीकारत नाहीत. '.इन' किंवा '.कॉम' मुख्य ठेवून '.भारत' त्याच्याकडे वळवा.

डोमेन कोणतंही घ्या, नोंदणी तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर असली पाहिजे. वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या खात्यात ती असेल तर तो फोन उचलेनासा झाल्यावर नाव सोडवणं फार अवघड जातं. पहिल्या वर्षाची किंमत पाहून भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा. आपोआप नूतनीकरण चालू ठेवा, आणि त्याला जोडलेल्या कार्डाची मुदत संपली की नवं कार्ड त्याच दिवशी नोंदवा.